जर्मन शिकताना आधी कान तयार करा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना तुम्ही कधी पाहिलं असेल, तर पुढं जे सांगणार आहे त्यातलं अर्धं तुम्हाला आधीच ठाऊक आहे. कारागीर घोडी हलकीच घासतो, तार छेडतो, थांबतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवतो आणि एका क्षणी आवाज एकदम मोकळा होतो. काम हात करतो, पण कुठं थांबायचं ते कान सांगतो. कान तयार नसेल तर हात नुसताच घासत राहतो.

परदेशी भाषेच्या उच्चाराचंही असंच आहे. जो फरक कानाला ऐकू येत नाही, तो जिभेला करता येत नाही. आणि आपल्याकडं नेमकं उलट चालतं. आधी पुस्तक, मग पाठांतर, मग बोलणं, आणि ऐकण्याचा सराव परीक्षेच्या पंधरा दिवस आधी.

मी सांगलीत विश्रामबागला संध्याकाळी जर्मन शिकवतो. येणाऱ्यांत मिरजेच्या दवाखान्यांत ड्युटी करणाऱ्या नर्स जास्त, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या काही मुली, आणि कुपवाड एमआयडीसीतली चार-पाच मुलं. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून माझ्याकडं विचारणा वाढली. नर्स म्हणून तिथं मान्यता मिळवायची तर साधारण बी-टू पातळीची भाषा लागते (ए-वनपासून सी-टूपर्यंतच्या सहा युरोपीय पायऱ्यांतली चौथी). बहुतेक सगळे दुसऱ्या महिन्यात एकच तक्रार घेऊन येतात: “सर, वाचलं की कळतं. पण ऐकलं की सगळं वाक्य म्हणजे एकच लांबलचक शब्द वाटतो.”

त्या तक्रारीवर माझ्या अनुभवात जे उपयोगी पडलं, ते क्रमानं सांगतो. उदाहरणं जर्मनची आहेत, पण जपानी किंवा फ्रेंच शिकणाऱ्यांनाही पद्धत हीच लागू पडेल.

वहीतलं देवनागरी आधी थांबवा

नवशिक्याची वही उघडली की प्रत्येक जर्मन शब्दासमोर देवनागरीत उच्चार लिहिलेला दिसतो. सवय शाळेपासूनची आहे आणि सोयीची वाटते. पण इथंच घात होतो. देवनागरीत एकदा लिहिलं की तुम्ही जर्मन वाचत नाही, मराठी वाचता. ‘सुंदर’ या अर्थाचा जर्मन शब्द मुली वहीत ‘शोन’ असा लिहून ठेवतात. जर्मनमध्ये ‘शोन’ असा वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ ‘आधीच’. ‘सुंदर’मधला स्वर मराठीत नाहीच, त्यामुळं त्याला अक्षरही नाही. अक्षर नाही म्हणून जवळचं अक्षर घेतलं, आणि दोन शब्दांचा एक झाला. पुढं कानसुद्धा तो एकच ऐकायला लागतो.

या लेखात मीही जर्मन शब्द देवनागरीतच लिहिले आहेत. ते शब्द कोणता हे कळावं म्हणून आहेत, उच्चार पाठ करायला नाहीत. प्रत्येक शब्द एखाद्या बोलत्या शब्दकोशात किंवा ‘फोर्वो’सारख्या संकेतस्थळावर जर्मन माणसाच्या तोंडून ऐका आणि मगच म्हणा. वहीत उच्चाराऐवजी खूण करा: दीर्घ स्वराखाली रेघ, ऱ्हस्वाखाली टिंब, जोर असेल त्या जागी वर तिरकी रेघ. एवढ्यानं भागतं.

एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण घ्या, तासाभराचं नको

स्वयंपाक करताना मागं जर्मन लावून ठेवायचं, आपोआप कानावर पडेल, असं बरेचजण करतात. सुरुवातीच्या काळात त्याचा फारसा उपयोग होत नाही. न कळणारा आवाज मेंदू पंख्याच्या आवाजासारखा बाजूला टाकतो. त्यापेक्षा एक मिनिटाचा तुकडा घ्या, ज्याचा लेखी मजकूर सोबत मिळतो असा. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह फुकट आहेत, मात्र त्या ए-टू झाल्यावरच घ्या. अगदी नव्यानं सुरुवात असेल तर तिथलेच पहिल्या पातळीचे धडे आणि जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या नमुना प्रश्नपत्रिकांतले श्रवणाचे भाग बरे.

आणि आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम: श्रुतलेखन. प्राथमिक शाळेत बाई सांगायच्या आणि आपण पाटीवर लिहायचो, तेच.

तुकडा एकदा नुसता ऐका. पेन हातात नको. विषय काय, कोण बोलतंय, एवढंच पाहा. मग एकेक वाक्य थांबवत जे ऐकू येईल ते लिहा, रोमन लिपीत, चुकलं तरी. न कळलेल्या जागी रेघ मारा. असं तीनदा करा. तीनदा झाल्याशिवाय मजकूर उघडायचा नाही, ही शिस्त पाळलीच पाहिजे. मजकूर आधी पाहिला की कान काम करायचं सोडतो आणि ऐकू आल्याचा नुसता भास होतो.

मग मजकूर समोर ठेवून तपासा, पण नुसतं बरोबर-चूक करू नका. जो शब्द सुटला तो का सुटला ते रंगानं दाखवा. शब्दच माहीत नव्हता, तर लाल. शब्द माहीत होता पण ओळखला नाही, तर निळा. आकडा, वेळ किंवा नाव सुटलं, तर हिरवा. लाल जास्त असेल तर तुकडा तुमच्यासाठी अवघड आहे, सोपा घ्या. पण बहुतेकांच्या वहीत निळाच जास्त निघतो. म्हणजे शब्दसंग्रह आहे, कान नाही. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मुली शब्दांच्या याद्या पाठ करणं कमी करतात आणि ऐकायला बसतात.

निळ्या जागांत काय असतं? गेल्या वर्षी एका मुलीनं वहीत ‘हामवा’ असं लिहून आणलं. शब्दकोशात शोधलं, सापडलं नाही. मूळ शब्द दोन होते: ‘हाबेन वीर’, म्हणजे ‘आपल्याकडं आहे का’. पहिल्या धड्यात शिकलेले. पण घाईत बोलताना जर्मन माणूस त्यांचा ‘हामवा’ करतो. मी तिला विचारलं, पुस्तकातून मराठी शिकलेला माणूस सांगलीत आला आणि त्याला कुणी “काय करालायस?” म्हटलं, तर तो शब्दकोशात काय शोधेल? “काय करायला लागला आहेस” हे त्याला कुठं सापडणार? तिला लगेच उमगलं. शब्द एकमेकांत मिसळतात, कडा झिजतात, हे प्रत्येक जिवंत भाषेत होतं. अशी झिजलेली रूपं वहीच्या मागच्या पानांवर स्वतंत्र लिहीत जा. महिन्याभरात वीस-पंचवीस जमतात, आणि तीच पुन:पुन्हा भेटतात.

वेग कमी करून ऐकायला हरकत नाही, पाऊणपट वेग ठीक. पण प्रत्येक तुकडा शेवटी मूळ वेगात ऐकल्याशिवाय सोडू नका. सावकाश ऐकण्याची सवय लागली की मूळ वेग कायमचाच भयंकर वाटतो.

मराठी जीभ कुठं मदत करते, कुठं आडवी येते

मदत करणारं आधी. जर्मन लिखाणात झेड अक्षर आलं की उच्चार ‘त्स’. हिंदी भाषकाला हा वेगळा शिकावा लागतो. आपल्याकडं तो जन्मापासून आहे: चूल, चोर, चांगला यातला च. आगगाडीला जर्मनमध्ये ‘त्सूक’ म्हणतात. चुलीचा च घ्या, ऊ लावा, शेवटी क. झालं.

पण थोडं पुढं गेलं की तोच च फसवतो. मराठीत ए किंवा इ लागला की च सहसा चहाच्या च कडं सरकतो. म्हणून ‘दहा’साठीचा ‘त्सेन’ आपल्या तोंडून ‘चेन’ निघतो आणि खोलीचं ‘त्सिमर’ ‘चिमर’ होतं. उपाय सोपा आहे. ‘चूल’ म्हणायला जीभ लावा, तशीच धरून ठेवा, आणि त्याच जागेवरून ए सोडा. आठ-दहा दिवस रोज वीस वेळा म्हटलं की बसतं.

ऱ्हस्व-दीर्घाकडं मात्र खास लक्ष द्या. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे लिहितो, गुणही त्यावर जातात, पण बोलताना दोन्ही सारखेच म्हणतो. जर्मनमध्ये लांबी बदलली की अर्थ बदलतो. आखूड इकाराचं ‘मिटे’ म्हणजे मध्य, लांब ईकाराचं ‘मीटे’ म्हणजे घरभाडं. आखूड आ असलेलं ‘श्टाट’ म्हणजे शहर, लांब आ असलेलं म्हणजे राज्य किंवा देश. आखूड ओ असलेलं ‘ओफेन’ म्हणजे उघडं, लांब ओ असलेलं म्हणजे भट्टी. अशा जोड्या घेऊन दोघादोघांनी बसा. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं बोट दाखवायचं, पहिला की दुसरा. म्हणणाऱ्यानं अर्थ सांगायचा नाही, हावभाव करायचे नाहीत. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत पुढची जोडी घ्यायची नाही. जोडीदार नसेल तर ध्वनिमुद्रणावर करा. माझ्या वर्गात पहिली दहा मिनिटं रोज हाच खेळ असतो, आणि मला वाटतं बाकीच्या पन्नास मिनिटांपेक्षा त्यानंच जास्त फरक पडतो.

आता मराठीत नसलेले स्वर. यू अक्षरावर दोन टिंबं दिसली की: ‘ई’ म्हणत राहा, जीभ अजिबात हलवू नका, फक्त ओठ ‘ऊ’चे करा. ओ अक्षरावर दोन टिंबं असली की हेच ‘ए’ आणि ‘ओ’ घेऊन करा. मोबाइलचा पुढचा कॅमेरा समोर धरा. ओठ गोल दिसले पाहिजेत, हनुवटी हलता कामा नये. सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटतं, लाज वाटते, पण ओठ पुरते गोल केल्याशिवाय हा स्वर येत नाही.

‘मी’ या अर्थाचा शब्द, आय-सी-एच. निम्मा वर्ग त्याला ‘इश’ म्हणतो, निम्मा ‘इख’. दोन्ही नाही. कुजबुजत ‘हिरवा’ म्हणा, कानात सांगितल्यासारखं. त्या ‘हि’मध्ये जी हवा टाळूला घासून जाते, तोच हा आवाज. याच सी-एच अक्षरांआधी आ, ओ, ऊ आला तर आवाज मागं घशाकडं जातो. तिथं ‘ख’ म्हणायची जागा धरा, पण जीभ टाळूला पूर्ण चिकटू देऊ नका, हवा फटीतून सतत जाऊ द्या.

ट, प, क यांची गोष्ट थोडी वेगळी. चहाला जर्मनमध्ये ‘टे’ म्हणतात. आपला ट जीभ मागं वळवून येतो आणि हवा सोडत नाही. जर्मन ट साठी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी, त आणि ट यांच्या मधोमध, आणि सोबत हवेचा झोत. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. ‘पान’ म्हटल्यावर ती हलत नाही, ‘थंडी’ म्हटल्यावर हलते. जर्मन ‘टे’, ‘काफे’, ‘पाउझे’ म्हणताना ती हलली पाहिजे.

डब्ल्यूचा उच्चार आपल्या ‘व’ जवळचा आहे, पण वरचे दात खालच्या ओठाला टेकवून किंचित घासत काढायचा. तीच जागा ठेवून आवाज बंद केला की एफ. आजी ‘फळ’ म्हणायची तो ओठ मिटून काढलेला फ इथं चालत नाही.

शब्दाच्या शेवटचे ग, ड, ब हे क, ट, प होतात. दिवस म्हणजे लिहिताना ‘टाग’, बोलताना ‘टाक’. आपण ‘जग’, ‘वाघ’ शेवटपर्यंत घोष, म्हणजे घशातली थरथर, ठेवून म्हणतो, त्यामुळं हे सुटतं. आणि शब्दाच्या शेवटचा र बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. वडिलांसाठीचा शब्द पुस्तकात पाहून ‘फाटर’ वाटतो, कानाला जवळजवळ रस्त्याच्या ‘फाटा’सारखा लागतो. र ची वाट बघत बसलात तर पुढचे तीन शब्द निघून जातात.

सगळं एकदम करू नका. एका आठवड्याला एक आवाज पुरे.

आकडे आणि वेळ: इथं आपण पुढं आहोत

जर्मनमध्ये एकवीस म्हणजे ‘एक-आणि-वीस’. पंचेचाळीस म्हणजे ‘पाच-आणि-चाळीस’. एकक आधी, दशक नंतर. इंग्रजीतून विचार करणारा इथं हमखास अडखळतो, ४५ चे ५४ करतो. मराठीत पंचेचाळीसमध्ये पाच आधीच येतो, म्हणून जर्मन आकडे इंग्रजीच्या वाटेनं नेऊ नका, सरळ मराठीत घ्या. अपवाद फक्त नवाचा: आपण एकोणतीस म्हणतो, ते ‘नऊ-आणि-वीस’ म्हणतात.

वेळेचंही तसंच. अडीचला जर्मन माणूस ‘हाल्प द्राय’ म्हणतो, शब्दशः ‘अर्धा तिसरा’. साडेतीन समजून गाडी चुकवलेले लोक आहेत. पण आपला ‘अडीच’ संस्कृत ‘अर्धतृतीय’वरूनच आला आहे, म्हणजे तोही ‘अर्धा तिसरा’च. हे वर्गात सांगितल्यापासून ‘हाल्प’ची चूक माझ्याकडं जवळजवळ बंद झाली.

फोनवर ‘त्स्वाय’ आणि ‘द्राय’, दोन आणि तीन, यांत गोंधळ होऊ नये म्हणून जर्मन लोक दोनला ‘त्स्वो’ म्हणतात. पुस्तकात हे उशिरा येतं, कानावर पहिल्याच दिवशी. रोज दहा फोन नंबर आणि दहा वेळा ऐकून लिहा, पाच मिनिटांचं काम आहे.

मिरज जंक्शनवरची घोषणा आठवा

फलाटावर गर्दी, चहावाल्यांचा ओरडा, शेजारून मालगाडी जातेय. तरी घोषणेतलं कामाचं तेवढं तुम्हाला कळतं. कारण काय येणार ते तुम्हाला आधीच माहीत असतं: गाडीचा नंबर, कुठून कुठं, किती उशीर, कोणता फलाट. तुम्ही सगळं ऐकत नाही, ‘कोल्हापूर’ आणि फलाटाचा आकडा तेवढा टिपता.

जर्मन ऐकताना हेच करायचं. ऐकण्याआधी अर्धं मिनिट थांबून विचारा: हे कोणत्या जागेचं बोलणं आहे, इथं काय काय बोललं जाईल? स्टेशन असेल तर ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट, ‘फेअश्पेटुंग’ म्हणजे उशीर, ‘फेल्ट आउस’ म्हणजे गाडी रद्द. दवाखाना असेल तर दुखणं, किती दिवसांपासून, कोणती गोळी, दिवसातून कितीदा. अपेक्षित शब्दांची चार ओळींची यादी करा, मग ऐका. परीक्षेत प्रश्न वाचायला जो वेळ देतात तो यासाठीच असतो.

मागोमाग म्हणा, मग स्वतःचं ऐका

श्रुतलेखन झालेला तुकडाच पुढं वापरा. आधी मजकूर बघत सोबत म्हणा, मग मजकूर मिटून अर्ध्या शब्दानं मागं राहत म्हणा. गाण्याच्या शिकवणीत गुरूंच्या मागं म्हणतात तसं. शब्द सुटले तरी थांबायचं नाही, चाल धरायची. वाक्य कुठं चढतं, कुठं उतरतं, जोर कुठं पडतो, हे यातूनच अंगात येतं, नियम वाचून नाही.

मग मोबाइलवर स्वतःचा आवाज घ्या आणि मूळ तुकड्याशेजारी लावून ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही, तरी करा. एका वेळी एकच गोष्ट शोधा, समजा आज फक्त दीर्घ स्वर. दर रविवारचं ध्वनिमुद्रण जपून ठेवा. तीन महिन्यांनी पहिलं काढून ऐकलं की कष्ट कुठं गेले ते कळतं.

रोजचा वेळ पंचवीस-तीस मिनिटं धरा. नाइट ड्युटी असलेल्या मुलींना मी दहाच मिनिटं सांगतो, पण रोज. रविवारी तीन तास बसून सहा दिवसांची भरपाई होत नाही.

परीक्षेपुरतं

गोएथेच्या ए-वन परीक्षेत श्रवणाचा भाग साधारण २० मिनिटांचा, बी-वनला ४० मिनिटांचा. ए-वनच्या तीन भागांतला मधला भाग एकदाच ऐकवतात. बी-वनच्या चार भागांतले दुसरा आणि तिसरा एकदाच. बी-वनला प्रत्येक विभागात ६० टक्के लागतात. सराव नेहमी इअरफोनवर करत असाल तर शेवटचा महिनाभर साध्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून करा. उत्तर सुटलं तर सोडून द्या. त्याच्या मागं गेलात तर पुढचंही जातं.

तिथं पोचल्यावर

बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये अनेक जण श्वेबिश बोली बोलतात. पुस्तकातला ‘इस्ट’ तिथं ‘इश’ होतो. वीस, तीस अशा आकड्यांच्या शेवटी पुस्तकी उच्चार हवेचा, कुजबुजलेल्या ‘हि’सारखा, पण दक्षिणेत त्याच जागी सरळ ‘इक’ ऐकू येतं. जाण्याआधी महिनाभर तिकडच्या स्थानिक नभोवाणीच्या मुलाखती ऐकत राहा.

नर्स होऊन जाणाऱ्या प्रत्येकीकडून मी शेवटच्या आठवड्यात एक सराव करून घेतो. पंधरा म्हणजे ‘फ्युन्फत्सेन’, पन्नास म्हणजे ‘फ्युन्फत्सिश’. दोन्हींत जोर पहिल्या भागावरच असतो, फरक फक्त शेपटात. एकात लांब ए आणि न, दुसऱ्यात आखूड इ. फोनवर, घाईत, मास्कमधून हा फरक सहज हरवतो, आणि औषधाच्या मात्रेत तो हरवून चालत नाही. म्हणून आकडा ऐकला की लगेच एकेक अंक सुटा करून परत म्हणायचा: ‘आइन्स, फ्युन्फ’ (एक, पाच) की ‘फ्युन्फ, नुल’ (पाच, शून्य)? आणि समोरचा ‘या’, म्हणजे ‘हो’, म्हणेपर्यंत हात पुढं करायचा नाही.